डिस्चार्ज कार्डाची मागची बाजू

इस्पितळातला सगळ्यात गोड शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर पेशंट आणि नातेवाईक एका सुरात सांगतील – डिस्चार्ज! ‘उद्या डिस्चार्ज देऊ’ एवढं डॉक्टर राउंडला बोलून गेले, की कॉटखालच्या पिशव्या बाहेर निघतात. थर्मास, चादरी, ताट-वाटी, औषधांचं खोकं अशी जमवाजमव सुरू होते. कुणी बिलाच्या खिडकीशी उभं राहतं, कुणी रिक्षा बघायला जातं, मावशींच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवले जातात.

मी कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे शब्दांकडे जरा वाकून बघायची सवय. या डिस्चार्जला आपण मराठीत काय म्हणतो? ‘पेशंटला घरी सोडलं’ असं म्हणतो. आता हे ‘सोडणं’ मोठं चमत्कारिक क्रियापद आहे. कैद्याला सोडतात, मुलाला शाळेत सोडतात आणि धरलेला हातही सोडतात. तिशीतला गडी टायफॉइडमधून उठून घरी आला, तर पहिला अर्थ खरा. त्याची सुटका झाली. पण पेशंट ऐंशीच्या घरातला असेल, अंगात ताकद उरली नसेल आणि त्यातून त्याला स्मृतिभ्रंश असेल, तर? मग शेवटचा अर्थ खरा होण्याची भीती असते. आज मला बोलायचं आहे ते या शेवटच्या अर्थाविषयी.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालो, पोस्टात चिकटलो, उरल्या वेळात कविता केल्या. पण मी मिरजेचा. मिरजकराला दवाखाना परका नसतो. आमच्या गावाची ओळख दोन गोष्टींसाठी, एक सतारी आणि दुसरी इस्पितळं. बेळगाव-विजापूरकडून येणाऱ्या गाडीतून रोज पेशंट उतरतात. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या पायाला प्लास्टर. लहानपणापासून हे पाहतच वाढलो. शिवाय माझ्या आईला, अम्मांना, शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता. म्हणून जे बोलतो आहे ते वाचलेलं थोडं, विचारलेलं थोडं आणि घरात पाहिलेलं जास्त.

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसतं विसरणं नव्हे. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून विसरणं हे आपण सगळेच करतो. पण पातेलं हातात आहे आणि त्याचं आता करायचं काय, हेच उमगत नाही, असं होऊ लागलं तर तो आजार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली अशा एका रुग्ण स्त्रीची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली. या आजाराच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला त्यांचंच नाव मिळालं. आपल्याकडे मात्र त्याला नाव नव्हतं, म्हण होती. ‘साठी बुद्धी नाठी’. म्हण असली की माणूस डॉक्टरकडे जात नाही. वय झालं, चालायचंच, असं म्हणून मोकळा होतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे 88 लाख. म्हणजे तुमच्या-माझ्या गल्लीत एखादं तरी घर असणारच.

आता या 88 लाखांपैकी कुणीतरी रोज पडतं. न्हाणीघरात पाय घसरतो, रात्री अंधारात उंबऱ्याला ठेच लागते. खुब्याचं हाड मोडतं. नाहीतर न्यूमोनिया होतो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो. इस्पितळात न्यावंच लागतं. डॉक्टर आपलं काम चोख करतात. हाड जुळतं, ताप उतरतो. पण ज्या माणसाचं हाड जुळलं, त्या माणसाला आपण कुठे आहोत हेच कळत नसतं. अनोळखी कॉट, अनोळखी चेहरे, रात्रभर जळणारे दिवे, हाताला सलाईन. तो सुई उपटून टाकतो. मध्यरात्री ‘मला घरी सोडा’ म्हणून ओरडतो. शेजारच्या कॉटवरचे म्हणतात, म्हातारीला वात झाला.

हा ‘वात’ आपल्या आयांना-आज्यांना ठाऊक होता, हे विशेष. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. तो स्मृतिभ्रंशाहून वेगळा. स्मृतिभ्रंश वर्षांवर्षांनी वाढतो, वात एका रात्रीत येतो. दिवसातून चार वेळा रूप बदलतो. आणि ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे, त्याला तो फार लवकर गाठतो. एरवी शांत असलेला माणूस एकाएकी बरळू लागला, किंवा बोलका माणूस एकाएकी सुस्त पडून राहू लागला, तर तो स्वभाव नव्हे, शरीरात काहीतरी बिघडल्याची ती घंटा असते. जंतुसंसर्ग असेल, पाणी कमी पडलं असेल, शौचाला झालं नसेल, दुखत असेल, एखादी गोळी बाधली असेल. डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं.

यावर उपाय कोणते? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. शेरॉन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या 852 रुग्णांवर एक प्रयोग केला. 1999 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी नवं औषध दिलं नाही. पेशंटला त्याचा चष्मा आणि कानाचं यंत्र दिलं. दिवसातून तीनदा उठवून चालवलं. आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पाणी पाजलं. रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध दिलं, पाठ चोळली, आवाज कमी केला. नेहमीच्या वॉर्डात शंभरांतल्या पंधरा जणांना वात झाला, या वॉर्डात सुमारे दहा जणांना. एकदा झालेला वात या उपायांनी फारसा आटोक्यात आला नाही. होण्याआधी मात्र टाळता आला. ही यादी वाचून मला वाटलं, यातलं आपल्या घरातल्या बायकांना न येणारं काय आहे?

दुसरा शत्रू म्हणजे कॉट. आजारी माणसानं पडून राहावं, ही आपली जुनी समजूत. 2007 साली अमेरिकेत बारा धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं. दहा दिवसांत दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ एक किलो मांस झडलं. हे धडधाकट माणसांचं. मग आधीच काटकुळ्या झालेल्या, अर्धपोटी जेवणाऱ्या आजोबांचं काय होत असेल? म्हणूनच खुब्याचं ऑपरेशन झालं, की शक्यतो दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभं करावं, असा आता जगभरचा रिवाज आहे.

आता अम्मांकडे येतो. 2019च्या जानेवारीत पहाटे अम्मा पडल्या. वय 81. खुबा मोडला, गोळा बदलावा लागला. ऑपरेशन उत्तम झालं. सहाव्या दिवशी घरी सोडलं. हातात डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर कोणतं हाड, कोणतं ऑपरेशन, रक्त किती, गोळ्या कोणत्या, टाके कधी काढायचे, सगळं नीट लिहिलेलं. खाली सूचना: मांडी घालून बसू नये, उकिडवं बसू नये, पायावर पाय टाकू नये, कमोडचा वापर करावा.

सूचना अगदी बरोबर होत्या. फक्त त्या पाळायच्या होत्या अम्मांनी, आणि आपलं ऑपरेशन झालं आहे हेच अम्मांना माहीत नव्हतं! सकाळी सांगावं, दुपारी ‘माझा पाय का दुखतोय गं?’ म्हणून सुनेला विचारायच्या. अजान कानावर आली की पन्नास-साठ वर्षांच्या सवयीनं खाली बसायला निघायच्या. आता त्यांना किती वेळा ‘नको’ म्हणणार?

या पेचातून वाट दाखवली ती घरी येणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी. पंचविशीतली मुलगी. ती म्हणाली, “काका, आजी मनाई विसरणार. म्हणून मनाई त्यांना सांगायचीच नाही. ती खोलीत करून ठेवायची.” मग तिनं आमची खोलीच बदलली. कॉटखाली लाकडी ठोकळे देऊन ती उंच केली. हातांची, उंच, भक्कम खुर्ची आणवली. नमाजच्या वेळी खुर्चीसमोर उंच टेबल आलं, त्यामुळे खाली जायला जागाच उरली नाही. पायपुसणी उचलली. उंबऱ्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. कॉटशेजारी कमोडची खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला धरायचा लोखंडी दांडा, रात्री एक मिणमिणता दिवा. चपला काढून घसरत नाही असे मागून बंद असलेले बूट. त्या दिवसापासून आमच्या घरातला ‘नको’ हा शब्द निम्म्यानं कमी झाला.

इथे एक प्रश्न नातेवाईक विचारतात. काही वेळा डॉक्टरही विचारतात. ‘यांना काही लक्षात राहत नाही, मग व्यायाम शिकवून उपयोग काय?’ प्रश्न वरवर रास्त आहे, पण त्याचं उत्तर मिळालेलं आहे. फिनलंडमधल्या युवास्कुला गावी खुबा मोडलेल्या 243 ज्येष्ठांवर अभ्यास झाला आणि त्यातल्या स्मृतिभ्रंश असलेल्यांचे निष्कर्ष 2000 साली छापून आले. काहींना नेहमीचे उपचार, काहींना वृद्धांच्या खास वॉर्डात कसून व्यायाम आणि देखभाल. सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी खास वॉर्डातले 91 टक्के लोक तीन महिन्यांनी आपल्या घरी स्वतंत्रपणे राहत होते. नेहमीच्या उपचारांत 67 टक्के. मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांत हा फरक आणखी मोठा – 63 टक्के आणि 17 टक्के. या गटांतली माणसं मोजकी होती, हे खरं. पण ‘उपयोग काय’ म्हणून हात झटकण्याआधी हे आकडे आठवावेत.

आणि ही गोष्ट काही 2000 साली उगवली नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात 1935 साली डॉ. मार्जरी वॉरन या बाईंकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले 700 हून अधिक रुग्ण सोपवण्यात आले. त्यांतले कितीतरी म्हातारे वर्षानुवर्षं कॉटवर पडलेले. त्यांचं काही होणार नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. डॉ. वॉरननी एकेकाला नीट तपासलं, वेगवेगळं केलं, उठवलं, चालायला लावलं. त्यांतले बरेच जण चालत घरी गेले. वृद्धवैद्यक नावाच्या शास्त्राचा पाया तिथे घातला गेला. आपल्या देशात 1978 साली मद्रासला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी या शाखेची सुरुवात केली.

मग लक्षात न राहणाऱ्या माणसाला शिकवायचं कसं? इथे मला त्या ताईंकडून एक मोठी गोष्ट समजली. माणूस जे डोक्यानं शिकतो ते आधी जातं. जे हातापायांनी शिकतो ते फार उशिरा जातं. अम्मांना ‘हात वर करा, कोपर वाकवा’ म्हटलं तर त्या नुसत्या बघत राहायच्या. पण कॉटच्या कडेला बसवून समोर घंगाळ ठेवलं आणि तोटीचा लोटा हाती दिला, की वजूचा सगळा क्रम आपोआप सुरू व्हायचा. मनगटं धुवायची, चूळ भरायची, तोंड धुवायचं, कोपरापर्यंत हात, मग डोक्यावरून ओला हात फिरवायचा. पाय तेवढे सून धुवायची, कारण वाकायची बंदी होती. दिवसातून पाच वेळा! ताई म्हणाल्या, “बसता तोल सांभाळायचा याहून चांगला व्यायाम मी लिहून देऊ शकत नाही.”

तुमच्या घरी वजू नसेल, दुसरं काही असेल. कुणाची आजी वाती वळत असेल, कुणी लसूण सोलत असेल. कुणा आजोबांनी जन्मभर भुईमुगाच्या शेंगा फोडल्या असतील, कुणी सकाळी तुळशीला पाणी घालायला जात असेल. तुळशीपर्यंत आठ पावलं असतील, तर त्या आठ पावलांना व्यायाम म्हणायचीही गरज नाही. ‘चला आजोबा, चालायचा व्यायाम करू’ म्हटलं तर ते म्हणतील, ‘मला काय झालंय?’ ‘तुळशीला पाणी राहिलंय’ म्हटलं तर उठतील.

दुसरी गोष्ट भाषेची. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या घरात अम्मांशी बोलणं दखनीत, बाहेर सगळं मराठीत. मी लिहितोही मराठीतच. अम्मा मराठी उत्तम बोलायच्या. बाजारात त्यांच्याशी घासाघीस करणं सोपं नव्हतं. पण आजार वाढला तशी नंतर आलेली मराठी आधी मागे सरली आणि आधी आलेली दखनी उरली. वॉर्डात सिस्टर प्रेमानं म्हणायच्या, “आजी, उठा.” अम्मा हलायच्या नाहीत. फाइलवर शेरा पडला – सूचना पाळत नाही. आणि माझी धाकटी बहीण इचलकरंजीहून आली, कानाशी म्हणाली, “आपा, उठो. बाहर बैठेंगे.” अम्मा उठायला लागल्या. कारण साधं होतं. अम्मा सात भावंडांत थोरल्या. माहेरी सगळे त्यांना ‘आपा’ म्हणत. मनानं त्या आता तिशीच्या आतल्या होत्या, मग ‘आजी’ ही हाक त्यांनी आपली का समजावी? मिरजेत तर ही अडचण रोजची. कन्नड बोलणारी म्हातारी मराठी वॉर्डात असते, आणि तिला ‘काही समजत नाही’ असं कागदावर जातं. समजत नाही म्हणजे नेमकी कुठली भाषा समजत नाही, एवढं तरी विचारायला हवं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. डिस्चार्ज कार्डावर आजाराची सगळी माहिती असते, माणसाची नसते. स्मृतिभ्रंश नसलेला पेशंट आपली माहिती स्वतः सांगतो. मला चहा बिनसाखरेचा लागतो, माझा हा कान बंद आहे, मला इथे दुखतंय. स्मृतिभ्रंशाचा पेशंट ते सांगू शकत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. आमच्या कार्डाची मागची बाजू कोरी होती. माझ्या बायकोनं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

हाक मारताना ‘आपा’ म्हणावं. दखनी-हिंदीत बोलावं. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डावीकडून बोलावं. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि थोडं थांबावं. मागून येऊन हात धरू नये, समोर यावं. चहा बशीत ओतून द्यावा, कपात तसाच राहतो. दुखतं असं सांगत नाहीत. दुखलं की दुपट्ट्याचं टोक मुठीत आवळतात. पहाटे पाचला उठून हात-तोंड धुवायला निघतात, पडतात त्या तेव्हाच. आणि शेवटी: पडण्याआधी स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत जात होत्या.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नव्या डॉक्टरांना, नव्या सिस्टरना समोर दिसते ती कॉटवरची काटकुळी बाई. ती कायमच अशी असणार, असं त्यांना वाटतं. ती महिन्यापूर्वी अंगणात जात होती हे कळलं, की तिला पुन्हा अंगणापर्यंत न्यायचं, हे ध्येय ठरतं. इंग्लंडमध्ये अल्झायमर सोसायटीनं अशी माहिती भरायचं छापील पत्रकच काढलं आहे, ‘धिस इज मी’ नावाचं. ‘हा मी’ किंवा ‘ही मी’. आपल्याला छापील पत्रकाची वाट बघायची गरज नाही. वहीचं पान आणि पेन पुरे.

या कागदाची परीक्षा पुढच्या वर्षी झाली. 2020च्या फेब्रुवारीत अम्मांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला, रात्रीत वात झाला, पुन्हा दाखल करावं लागलं. या वेळी तो कागद फाइलच्या सगळ्यात वर लावला. रात्रपाळीच्या सिस्टरनी तो वाचला. पहाटे पाचला त्या स्वतः कॉटशी आल्या, अम्मांना उठवून बसवलं, हातावर पाणी घातलं. बशीतून चहा दिला. हात बांधावे लागले नाहीत, झोपेचं इंजेक्शन लागलं नाही. पाचव्या दिवशी अम्मा वॉकर धरून रिक्षापर्यंत गेल्या. माणसं वाईट नसतात हो, त्यांना माहिती नसते. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस पेशंट असतील तर ती प्रत्येकाचा स्वभाव कुठून ओळखणार?

जसा कागद द्यायचा, तशी माहिती मागूनही घ्यायची. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारावं. आधी चालू होत्या त्यांतल्या कोणत्या गोळ्या बंद झाल्या? नव्या कोणत्या, आणि त्या कधी थांबवायच्या? यांत झोपेची किंवा गुंगी आणणारी काही आहे का? कारण अशा गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि माणूस पुन्हा पडतो. लघवीची नळी घालूनच घरी पाठवणार असाल तर ती कोणत्या तारखेला काढायची? नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त. व्यायामाआधी वेदनाशामक द्यायचं का? पायावर वजन किती टाकायचं? कोणती मनाई किती आठवड्यांची? काय झालं तर लगेच फोन करायचा, आणि तो कुणाला? कॉटवरून खुर्चीत कसं बसवायचं, कुशीवर कसं वळवायचं, हे सिस्टरकडून एकदा आपल्या हातानं करून घ्यावं. नुसतं पाहून येत नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून, स्वतः हलता न येणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा, आडवा असताना कधीही भरवू नये. हे घरी आल्यावर शोधत बसायचं नसतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. हे सगळं करायचं कुणी? आपल्याकडे याचं उत्तर कुणी विचारतही नाही, ते ठरलेलंच असतं. सून, नाहीतर मुलगी. आमच्या घरात दिवस बायकोचा आणि रात्र माझी अशी वाटणी होती. महिन्यातले आठ दिवस बहीण यायची, तेव्हा बायको माहेरी जाऊन झोप काढायची. हो, झोपच. सांभाळणारा माणूस मोडला तर पेशंट दुसऱ्यांदा मोडतो. ब्युरोची बाई ठेवायची तर पगारदार माणसाला महिना निभावणं कठीण, आणि स्मृतिभ्रंशाचं शिक्षण घेतलेली बाई मिळणं त्याहून कठीण.

सरकारी मदतीचं काय? ती अजिबात नाही असं नाही. 2024च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळातल्या उपचारांचं कवच मिळालं. घरटी बघता ही मोठी गोष्ट आहे. पण ते कवच दाखल झालेल्या माणसाचं. घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंतच्या तपासण्या-औषधं त्यात येतात, पुढचं नाही. आणि चालायला शिकायचं काम तर त्या पंधरा दिवसांनंतरच खरं सुरू होतं. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वॉर्ड, फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरभेटी, हे सगळं त्याच्या आराखड्यात आहे. आपल्या जिल्ह्यात त्यातलं काय चालू आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, तीही माहीत असावी.

उणीव आहे ती मधल्या पायरीची. इस्पितळ आणि घर यांच्यामध्ये काहीच नाही. वरच्या मजल्यावरून एकदम अंगणात उडी. मोठ्या शहरांत अशी पुनर्वसनाची खासगी केंद्रं निघाली आहेत, पण ती सामान्यांच्या खिशाला पेलत नाहीत. मग करायचं काय? केरळकडे बघावं. 1993 साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी असाध्य आजारांच्या रुग्णांसाठी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. त्यातून गावोगावी शिकवलेल्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं. 2008 साली केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं आणि पंचायतींच्या मदतीनं नर्स घरोघर जाऊ लागल्या. त्यांच्याकडे काही फार महागडी यंत्रं नव्हती. नर्स घरी येते, जखम बघते, कूस कशी वळवायची ते दाखवते, सुनेला चार शब्द बोलते. आपल्याकडे आशाताई आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, तालीम मंडळं आहेत, मोहल्ला कमिट्या आहेत. वॉकर आणि कमोडची खुर्ची घरोघर विकत घ्यायची गरज काय? काम झालं की त्या माळ्यावरच जातात. मंडळानं त्या ठेवाव्यात आणि नाममात्र भाड्यानं द्याव्यात. गणपतीची वर्गणी जमवणाऱ्या आणि ईदचा शीरखुर्मा वाटणाऱ्या पोरांना हे अवघड नाही.

खोटी आशा मात्र मी दाखवणार नाही. चांगल्या देखभालीनं स्मृतिभ्रंश बरा होत नाही. अम्मांची आठवण परत आली नाही. शेवटी शेवटी त्या मला आपला धाकटा भाऊ समजत. 2022 साली त्या घरी, आपल्या कॉटवर गेल्या. पण पडल्यानंतरच्या तीन वर्षांतली अडीच वर्षं त्या आपल्या पायांनी अंगणात जाऊन उन्हाला बसल्या. या आजारात बरं होणं म्हणजे तेवढंच, आणि ते काही थोडं नाही.

म्हणून सांगणं एवढंच आहे. आपल्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, तर पडायची वाट न बघता आजच तो कागद लिहून ठेवा. कुठल्या हाकेला ओ देतात, कुठली भाषा बोलतात, चहा कसा पितात, दुखलं की काय करतात, कुठपर्यंत चालतात. आणि तुम्ही डॉक्टर असाल, सिस्टर असाल, तर कार्डावर सही करण्याआधी दोन मिनिटं घरच्यांना विचारा: घरी यांचं कोण करणार आहे, आणि त्यांना काय काय येतं? मग पेशंट घरी सोडलाही जाईल आणि त्याचा हातही सुटणार नाही.